हो म्हणून झालं, आता देवाला विचारतोय

उंबरठा (सोमवार, रात्री ११.२०)
मंडळी, विषय घरगुती आहे, पण प्रश्न बऱ्याच जणांचा असावा म्हणून धागा काढतोय.

शनिवारी धाकट्या भावाचा फोन आला. धंद्यासाठी कर्ज काढतोय, जामीन राहशील का? मी म्हणालो, "विचारतोस काय, राहणारच." सगळं बोलणं दीड मिनिटाचं. फोनमध्ये कालावधी दिसतो म्हणून एवढं नेमकं सांगता येतंय. शुक्रवारी सह्या आहेत.

रात्री बायकोला सांगितलं. चिडली नाही, रक्कमसुद्धा विचारली नाही. एवढंच म्हणाली, "देवाशी बोललास?" नव्हतो बोललो. मग बसलो प्रार्थनेला. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी काही विचारतच नाहीये, देवाला समजावून सांगतोय. तो कष्टाळू आहे, पहिल्यांदाच काही मागतोय, आईला बरं वाटेल. वकील बाजू मांडतो ना, तसं. आणि निकाल मीच आधी लिहून खिशात ठेवलेला.

माझा पूर्वेतिहासही धड नाही. तीन वर्षांपूर्वी वरिष्ठ चारचौघांत बोलले म्हणून जिन्यात उभ्या उभ्या मोबाइलवरून राजीनामा पाठवला होता. दोन मजले उतरेपर्यंत हात थंड पडले होते.

तर तुम्ही असे झटक्यात निर्णय घेण्याआधी देवाला विचारता का? खरोखर विचारता की नुसतं कळवता? आणि उत्तर आलं हे ओळखता कसं? आपल्याच मनाचा आवाज देवाच्या नावावर खपत नाही कशावरून?

अर्धविराम (सोमवार, रात्री ११.३१)
मी विचारतो. पण गाडी आवडली, रंग ठरला, आगाऊ रक्कम भरली की मग. देव आजवर कधीच नाही म्हणालेला नाही. फार समजूतदार आहे बिचारा.

चांदणी_रात (सोमवार, रात्री ११.४०)
अर्धविराम, हहपुवा (हसून हसून पुरेवाट).
उंबरठा, वाचतेय. आमच्याकडेही "कळवणे" प्रकारच चालतो.

कोरी_पाटी (मंगळवार, सकाळी ७.०५)
देवाला समजावून सांगण्यावरून बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय आठवला. यरुशलेम पडलंय, मागे उरलेले लोक घाबरलेत, मिसरात (इजिप्तमध्ये) पळून जायचा विचार आहे. ते यिर्मयाकडे येतात आणि म्हणतात, देवाला विचार, तो बरं सांगो की वाईट, आम्ही ऐकू. शपथच घेतात. दहा दिवसांनी उत्तर येतं, इथेच राहा, जाऊ नका. त्यावर लोक म्हणतात, तू खोटं बोलतोस! आणि जातात मिसरात. यिर्मयालाही बरोबर घेऊन जातात.

त्या दहा दिवसांत त्यांनी काय केलं असेल याचा मी नेहमी विचार करते. मला वाटतं, सामान बांधलं असेल.

खडूस_काका (मंगळवार, सकाळी ८.१२)
नास्तिकाचे दोन पैसे. तुम्ही ज्याला देव म्हणता त्याला मी "एक रात्र" म्हणतो. रात्रभर झोपा, सकाळी उठून ठरवा. राजीनामा पाठवताना देव नको होता, जिन्यात नेटवर्क नसतं तरी काम झालं असतं.

उंबरठा (मंगळवार, सकाळी ८.२०)
काका, हे मान्य आहे. पण शनिवारपासून तीन रात्री झोपलो की. रोज सकाळी उठून तेच "हो" सापडतं, फक्त जरा जास्त घट्ट झालेलं.

तळटीप (मंगळवार, सकाळी ९.४८)
काकांच्या "एक रात्र" सिद्धान्ताला गिबोनकरांची गोष्ट पुरून उरते. यहोशवाचा ९वा अध्याय. गिबोनचे लोक राहायचे अगदी जवळ, पण लांबून आल्याचं सोंग करतात. ठिगळं लावलेले जोडे, शिवून शिवून जुने झालेले द्राक्षारसाचे बुधले, वाळून बुरसटलेल्या भाकरी. म्हणतात, निघालो तेव्हा या भाकरी गरम होत्या.

आता गंमत बघा. इस्राएली लोक काही आंधळेपणाने करार करत नाहीत. त्यांना शंका येते, ते विचारतात, तुम्ही इथलेच नाही कशावरून? शिदोरी हातात घेऊन बघतात. म्हणजे पुरावे तपासले, कागदपत्रं पाहिली, सगळं जुळलं. ग्रंथकार मात्र एकच ओळ लिहितो, त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही. तीन दिवसांनी कळतं की हे तर शेजारी.

म्हणून "घाई" म्हणजे फक्त वेळ कमी घेणं असं मला वाटत नाही. पुरेशी माहिती आपल्या हातात आहे या खात्रीतही घाईच असते. बुरसटलेली भाकरी खरीच होती हो. ती सांगत होती ती गोष्ट खोटी होती.

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. फसवणूक उघड झाल्यावरही त्यांनी करार मोडला नाही, शपथ घेतली होती म्हणून. पुढे शौल राजाने गिबोनकरांना मारलं, त्यापायी दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. न विचारता दिलेला शब्दसुद्धा शब्दच. उंबरठा, तुम्ही फोनवर "राहणारच" म्हणालात. आता देव "नाही" म्हणाला तर त्या शब्दाचं काय?

अर्धविराम (मंगळवार, सकाळी ९.५५)
तळटीपराव, माणूस आधीच झोपलेला नाही. त्यात तुम्ही दुष्काळ आणलात.

कोरी_पाटी (मंगळवार, सकाळी १०.३०)
तळटीप, जामिनाच्या बाबतीत शब्द फिरवायला परवानगी आहे बरं का. नीतिसूत्रे, ६वा अध्याय, सुरुवातच. शेजाऱ्याला जामीन राहून तोंडच्या शब्दांत अडकला असशील तर जा, त्याच्या विनवण्या कर, पण स्वतःला सोडव. डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस. पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. शब्द दिलाय हे गृहीत धरूनच सांगितलंय ते.

उंबरठा, तुमचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे की. प्रार्थना कशाला हवी?

मुक्काम_पोस्ट (मंगळवार, सकाळी ११.१०)
एक मिनिट. जामीन राहणं वाईटच असेल तर याकोबाच्या मुलाचं, यहूदाचं काय? धाकट्या भावाला, बन्यामीनला मिसरात न्यायचं असतं तेव्हा तो बापाला सांगतो, मी याला जामीन, माझ्याकडून मागून घ्या. तिथून तर त्या घराची गाडी रुळावर येते. आणि फिलेमोनला लिहिलेल्या पत्रात पौल त्याच्या गुलामाबद्दल, अनेसिमबद्दल म्हणतो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. ही लेखी हमीच झाली.

म्हणजे ग्रंथात दोन्ही आहे. म्हणून विचारावं लागतं. एक ओळ काढून तोंडावर मारली की झालं, असं नसतं. कोरी_पाटी, राग मानू नका.

कोरी_पाटी (मंगळवार, सकाळी ११.२२)
राग नाही. यहूदा मात्र सुटला असता, मी लिहिलेलं वाचलं असतं तर. (हलकेच घ्या.)

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी २.४०)
नुकतीच उठले. मी रुग्णालयात नर्स आहे. इथे सगळे दहा दिवस, तीन दिवस म्हणताय. आमच्याकडे वीस सेकंद असतात. मी खोलीत शिरताना दाराच्या मुठीवर हात ठेवते आणि मनात एकच शब्द म्हणते, "सुचव." दार उघडलं की पुढे हात आपोआप चालतात. बायबलमधल्या नहेम्याने पर्शियाच्या राजासमोर उभं असताना केली होती तशी प्रार्थना. राजा विचारतो, तुला काय हवं? तो देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो. मध्ये श्वासाएवढीच जागा असेल.

तळटीप (मंगळवार, दुपारी ३.१५)
रात्रपाळी, सुंदर. एक पुरवणी जोडतो. नहेम्याला यरुशलेमची बातमी कळते किसलेव महिन्यात आणि राजा विचारतो नीसान महिन्यात. मधे साधारण चार महिने तो उपास आणि प्रार्थना करत होता. त्या श्वासाएवढ्या प्रार्थनेच्या मागे ते चार महिने आहेत.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३.२८)
खरंय. हातही आपोआप चालत नाहीत म्हणा, अकरा वर्षं झाली नोकरीला.

खडूस_काका (मंगळवार, दुपारी ४.०२)
म्हणजे अनुभव! फिरून फिरून माझ्याच अंगणात येताय सगळे.

सावलीतला (मंगळवार, संध्याकाळी ६.५०)
आमच्यात यासाठी इस्तिखारा आहे. दोन रकात नफिल (ऐच्छिक) नमाज आणि त्यानंतर एक ठरावीक दुआ. पैगंबरसाहेब ही दुआ सहकाऱ्यांना कुरआनमधली सूरा शिकवावी तशी शिकवत, असं हदीसमध्ये आहे.

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की इस्तिखारा केला की रात्री स्वप्न पडणार, पांढरं दिसलं तर हो, काळं दिसलं तर नाही. त्या दुआमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. आशय असा, की तू जाणतोस, मी जाणत नाही. हे काम माझ्या दीनसाठी (धर्मासाठी), जगण्यासाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर ते माझ्यासाठी सोपं कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून दूर कर, आणि मला त्याच्यापासून दूर कर.

शेवटचा तुकडा मला फार उशिरा समजला. नुसतं काम हुकलं तर मन तिथेच घुटमळत राहतं. एक नोकरी मला मिळाली नव्हती, आणि पुढचं वर्षभर मी त्या इमारतीसमोरून जाताना वर बघायचो. काम दूर झालं होतं, मी दूर झालो नव्हतो. ते वेगळं मागावं लागतं. आणि पुढे, जिथे चांगलं असेल तिथे ते माझ्या नशिबी लिही आणि मला त्यात राजी ठेव, असंही आहे.

दुसरं म्हणजे इस्तिखाऱ्याबरोबर मशवरा, जाणत्या माणसाला विचारणं. एक केलं म्हणून दुसरं सुटत नाही. उंबरठाभाई, भावाच्या धंद्याचे हिशेब बघितलेत का?

उंबरठा (मंगळवार, संध्याकाळी ७.१५)
नाही बघितले. मागायला लाज वाटली. हे लिहिताना कळतंय की देवाला विचारणं मला भावाला विचारण्यापेक्षा सोपं वाटत होतं.

चांदणी_रात (मंगळवार, रात्री ८.००)
आई गं. हे वाक्य लागलं.

पानगळ (मंगळवार, रात्री १०.३५)
मला थोडं वेगळं बोलायचंय, धाग्याचा मूड बिघडला तर माफ करा.

मी २४ वर्षांची असताना आमच्या प्रार्थनागटातल्या एका मोठ्या माणसाने सांगितलं की देवाने त्यांना दर्शन दिलंय, माझं लग्न अमक्याशी व्हायचंय. घरचे हरखले. मी म्हणाले, मला आठ दिवस द्या. तर उत्तर आलं, देवाच्या योजनेला मुदत मागतेस? म्हणजे घाई त्यांना होती आणि देव त्यांच्या बाजूने उभा केला होता. मी नाही म्हणाले. दोन वर्षं त्या गटात कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

तेव्हापासून "देवाने मला सांगितलं" हे वाक्य कानावर पडलं की मी आधी बघते, यातून कुणाचं तोंड बंद होतंय. स्वतःच्या निर्णयासाठी देवाला विचारा, जरूर विचारा. पण निर्णय दुसऱ्याला कळवताना तो आपल्या नावाने कळवा. उंबरठा, भावाला हो म्हणा की नाही म्हणा, मधे देवाला घालू नका.

मुक्काम_पोस्ट (मंगळवार, रात्री १०.५०)
पानगळ, दंडवत. देवाला सांगायचंच होतं तर त्याने तुम्हालाही सांगितलं असतं की. पत्ता तर होता त्याच्याकडे.

अर्धविराम (मंगळवार, रात्री ११.०५)
वातावरण हलकं करतो. कॉलेजात असताना शाखा बदलावी का म्हणून मी डोळे मिटून ग्रंथ उघडला आणि बोट ठेवलं. वंशावळ निघाली. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, पानभर. पुन्हा उघडला. निवासमंडपाच्या पडद्यांची मापं. मी कला शाखेतच राहिलो.

तळटीप (बुधवार, सकाळी ६.४५)
संत ऑगस्टीनला मात्र लागलं होतं असं. ३८६ साली, मिलानमध्ये. बागेत रडत बसलेला असताना पलीकडून मुलाचा आवाज येतो, "घे, वाच". उघडतो तर रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय, आणि आयुष्य पालटतं. पण त्याआधीची कित्येक वर्षांची तगमग त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. तुमची तगमग किती होती, अर्धविराम?

अर्धविराम (बुधवार, सकाळी ८.३०)
तगमग वर्गातल्या एका मुलीसाठी होती. ती कला शाखेत होती. आता सगळं उघड करायला लावताय.

वाटसरू (बुधवार, सकाळी ११.००)
खुणांवरून ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोलाचं खेचर आठवलं. १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या मन पालटलं, आणि १५२२ मध्ये हा गडी मोंटसेराटला निघाला. वाटेत एक मुसलमान मूर खेचरावरून जाताना भेटतो. मरियेवरून वाद होतो आणि मूर पुढे निघून जातो. मागून याला राग येतो, गाठून खंजीर खुपसावा का? ठरेना. मग लगाम सैल सोडतो. फाट्यावर खेचर गावाच्या वाटेला लागलं तर मूराला शोधायचं, हमरस्त्याला लागलं तर सोडून द्यायचं. गावाची वाट रुंद आणि चांगली, गाव तीसचाळीस पावलांवर. तरी खेचर हमरस्त्याने गेलं. ही गोष्ट त्याने उतारवयात स्वतःच सांगितलेली आहे.

पुढे त्याच माणसाने निर्णय कसे घ्यावेत यावर नियम लिहिले, ते १५४८ मध्ये छापले गेले. त्यात खेचराचा नियम नाही! नियम असा आहे की मन उदास, कोरडं, अस्वस्थ असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. धीर धरावा. उंबरठाचा राजीनामा इथे बसतो.

पण उलट बाजू लोक विसरतात. साधना करणारा फार उत्साहात असेल, मन भरून आलं असेल, तर त्याला सांभाळणाऱ्याने बजावावं की अविचाराने घाईत वचन देऊ नकोस. म्हणजे चांगल्या भावनेच्या भरात दिलेला शब्दही तपासायचा. शनिवारचा फोन तिथे बसतो. आपण रागातल्या निर्णयांना घाईचे म्हणतो, प्रेमातल्या निर्णयांना म्हणत नाही.

सावलीतला (बुधवार, सकाळी ११.२०)
+१. आणि त्या मूराच्या वतीने खेचराचे आभार.

वाटसरू (बुधवार, सकाळी ११.२४)
:)

निळी_शाई (बुधवार, दुपारी १.१०)
गीतेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं तो निर्णय क्षणातलाच होता, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या अध्यायाचा सातवा श्लोक बघा, मी तुझा शिष्य, शरण आलोय, मला शिकव. किती छान विचारणं! आणि नववा श्लोक? "मी लढणार नाही" असं सांगून गप्प बसला. दोनच श्लोकांत! मार्गदर्शनही मागतोय आणि निकालही देऊन मोकळा होतोय. कोरी_पाटीच्या मिसरवाल्यांपेक्षा वेगळं काय?

फरक इतकाच की अर्जुन तिथून उठून गेला नाही. ऐकत बसला, प्रश्न विचारत राहिला. आणि सगळं सांगून झाल्यावर कृष्ण १८व्या अध्यायात म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर, यथेच्छसि तथा कुरु. देवाला विचारलं की निर्णयाचं ओझं देवावर जातं अशी आपली समजूत असते. इथे तर परत हातात दिलंय.

खडूस_काका (बुधवार, दुपारी १.४०)
निळी_शाई, हा देव मला चालेल.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी ३.००)
काकांचं मतांतर! धागा सार्थकी.

कोरी_पाटी (बुधवार, संध्याकाळी ५.३०)
मला मात्र अजून बायकोच्या प्रश्नाचं नवल वाटतंय. दावीद कईला गावाला जाण्याआधी देवाला दोनदा विचारतो, असा विचारून विचारून पाऊल टाकणारा माणूस. पण नाबालाने अपमान केल्यावर काहीच विचारत नाही, सरळ "तलवारी बांधा" म्हणतो आणि चारशे माणसं घेऊन निघतो. त्याला अडवते नाबालाची बायको अबीगईल, गाढवावरून वाटेत येऊन. आणि दावीद म्हणतो, तुला आज परमेश्वरानेच पाठवलं. म्हणजे त्याने विचारलं नव्हतं, तरी उत्तर येऊन उभं राहिलं.

उंबरठा, तुम्ही उत्तर ओळखायचं कसं असं विचारलं होतंत. "देवाशी बोललास?" हेच ते असेल तर?

अर्धविराम (बुधवार, संध्याकाळी ५.४१)
हे माझ्या घरी वाचायला देऊ नका. तिथे असं उत्तर दिवसातून चाळीस वेळा येतं.

चांदणी_रात (शुक्रवार, रात्री ९.१५)
उंबरठा, आज शुक्रवार होता ना? काय झालं?

उंबरठा (रविवार, सकाळी ७.३०)
उशिराबद्दल क्षमस्व. लिहावंसं वाटत नव्हतं.

बुधवारी रात्री भावाकडे हिशेब मागितले. गप्प झाला, पण पाठवले. आम्ही दोघांनी बसून पाहिले. त्यात लबाडी काही नाही, आशा मात्र भरपूर आहे. त्याने हप्ते थकवले तर ते मी आमच्या घरखर्चातून किती महिने भरू शकतो हे बायकोने कागदाच्या मागच्या बाजूला मांडलं. चार. पाचव्या महिन्यापुढे तिने रेघ मारली आणि पेन मिटलं.

त्यानंतर पुन्हा प्रार्थनेला बसलो. या वेळी बाजू मांडायला काही नव्हतं, म्हणून बराच वेळ नुसता बसलो. आवाज वगैरे काही नाही. गुरुवारी सकाळी भावाच्या घरी गेलो, फोनवर नाही सांगितलं. म्हणालो, मी घाईत हो म्हणालो, चूक माझी, मी जामीन राहू शकत नाही. जी रक्कम परत नाही आली तरी चालेल तेवढी आजच देतो. पानगळताई, देवाचं नाव घेतलं नाही. ओठांवर आलं होतं, घेतलं असतं तर फार सोपं गेलं असतं.

त्याने पैसे घेतले नाहीत. त्याची बायको आतून बाहेर आली नाही.

पानगळ (रविवार, सकाळी ८.१०)
घरी जाऊन सांगितलंत हे बरं केलंत.

तळटीप (रविवार, सकाळी ९.००)
आणि उत्तर? ओळखलंत?

उंबरठा (रविवार, सकाळी ९.४०)
खरं सांगू, माहीत नाही. जिना उतरताना हात थंड पडले नव्हते, पण त्याला उत्तर म्हणायचं का? छातीवर दगड होताच, अजून आहे. आत्ता नऊ वाजता त्याचा मेसेज आलाय, चार दिवसांतला पहिला. "कागदांच्या फाइलमध्ये माझे दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा राहिलाय. पाठव."

खडूस_काका (रविवार, सकाळी ९.५२)
पाठवू नकोस. घेऊन जा.